पुण्यात ग्रामीण जीवनावरचा छोटा, स्वतंत्र चित्रपट महोत्सव : कारभार कसा चालवावा?

सासवडकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही पुण्यात नोकरी-व्यवसाय करणारे काही मित्रमैत्रिणी आहोत आणि आमच्यातल्या बहुतेकांची घरे व शेती अजून पुरंदर, भोर आणि मुळशी या तालुक्यांत आहेत. येत्या फेब्रुवारीत पुण्यात दोन दिवसांचा एक छोटा चित्रपट महोत्सव भरवावा, त्यात केवळ ग्रामीण जीवनावरचे लघुपट, माहितीपट आणि एखाद-दुसरा कथापट दाखवावा, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांतलेच काही चित्रपट सासवडजवळच्या एका गावात उघड्यावर दाखवावेत, असे आमच्या मनात आहे. चित्रपटाच्या बाबतीत पुणे भाग्यवान शहर आहे. 1933 मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून इथे आली, 1960 मध्ये तिच्याच जागेत चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली, 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि 2002 पासून आंतरराष्ट्रीय महोत्सवही भरतो आहे. तरीही शहरापासून तीस किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला यांतले फारच थोडे पाहायला मिळते, आणि ज्या चित्रपटांत त्याचेच जगणे आहे तेसुद्धा त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, ही गोष्ट आम्हांला फार खटकते.

आमच्याकडे मनुष्यबळ आहे, थोडी वर्गणीही जमली आहे. मात्र संस्थेची नोंदणी नाही आणि पूर्वानुभव नाही. चित्रपट कसे मागवायचे, निवड कोणी करायची, परवानग्या कोणत्या लागतात, गावातल्या प्रदर्शनाची तांत्रिक व्यवस्था कशी करायची आणि पैसा कसा उभा करायचा, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चित्रमंडळ कार्यकर्ता

सासवडकर, उपक्रम आवडला. चित्रपट मंडळाच्या कामात निवडीची बाजू मी बरीच वर्षे सांभाळतो आहे, म्हणून त्याविषयीच लिहितो.

चित्रपट मिळवणे हे आज अवघड राहिलेले नाही. फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावर महोत्सवाची नोंद केली आणि प्रवेशशुल्क ठेवले नाही, तर देशोदेशींच्या प्रवेशिका येऊन पडतात; त्यांतल्या पुष्कळशा तुमच्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या असतात आणि त्या पाहण्यातच निवड समितीची शक्ती संपते. शुल्क ठेवले, तर नेमका मोबाईलवर चित्रीकरण करणारा तालुक्याच्या गावातला मुलगा बाहेर राहतो. माझ्या मते पहिल्या वर्षी खुल्या प्रवेशिका अल्प मुदतीसाठी आणि फक्त भारतीय भाषांपुरत्या घ्याव्यात, आणि निम्म्याहून अधिक कार्यक्रम स्वतः शोधून, दिग्दर्शकांना पत्र लिहून, निमंत्रणाने जुळवावा. पत्रकार पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात छोट्या चित्रफितींचा मोठा साठा आहे. तेलंगणात झहीराबादच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी स्त्रिया स्वतः कॅमेरा चालवून बियाण्यांवर आणि शेतीवर माहितीपट करतात. त्यांचे काम तुमच्या महोत्सवात असायलाच हवे, कारण त्यात गावाकडे पाहणारा डोळा गावातलाच आहे.

समितीत कोण बसते यावर सगळे ठरते. समितीत केवळ चित्रपटाचे अभ्यासक असले, की सुंदर छायाचित्रण असलेले, हिरव्या डोंगरांचे आणि मूक म्हाताऱ्यांचे चित्रपट वर येतात. केवळ कार्यकर्ते असले, की विषय महत्त्वाचा म्हणून कंटाळवाणी कलाकृतीही निवडली जाते. पाच जणांच्या समितीत किमान दोघे असे असावेत की ज्यांचा उदरनिर्वाह आजही गावात चालतो, आणि त्यांतली एक स्त्री असावी. त्यांना चित्रपट कळतील का, अशी शंका कोणी काढली तर ती ऐकूनही घेऊ नका. ऊस तोडताना कोयता कसा धरतात, हे पडद्यावर चुकीचे दिसले तर ते त्याच क्षणी सांगतील, आणि असा चित्रपट बाकीच्या बाबतींतही फारसा खरा नसतो, हा माझा अनुभव आहे.

विषयांचा पसाराही पाहावा. दुष्काळ आणि आत्महत्या एवढ्यावरच ग्रामीण महोत्सव उभा राहिला, तर प्रेक्षक दुसऱ्या दिवशी येत नाही. मेंढरे घेऊन फिरणारे धनगर, वीटभट्टीवरचे कातकरी, बीडहून येणारे ऊसतोड मजूर, दुधाचा धंदा, गावातली जात, मुलींचे शिक्षण, लग्न न जमणारी शेतकऱ्यांची मुले, असे कितीतरी विषय आहेत. पुण्यात महोत्सव करताना धरणांचा विषय मात्र टाळू नये. या शहराला पाणी देणारी पानशेत, वरसगाव ही धरणे कोणाच्या तरी गावांवर उभी आहेत, आणि 1921 चा मुळशी सत्याग्रह धरणाविरुद्धच झाला होता. पुणेकर प्रेक्षकाने हे सभागृहात बसून पाहणे मला फार आवश्यक वाटते.

माहितीपटकार, कर्वेनगर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मात्र निवड सुरू करण्यापूर्वी कायद्याची बाजू समजून घ्या, कारण तुमच्या योजनेतील पुण्याचे दोन दिवस आणि गावातली संध्याकाळ या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चित्रपट अधिनियम, 1952 नुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते, आणि हे लघुपट व माहितीपटांनाही लागू आहे. अव्यावसायिक महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून यातून सूट मागता येते. त्यासाठी चित्रपटांची यादी, प्रत्येकाचा सारांश आणि ते पाहून शिफारस करणाऱ्या समितीचा तपशील द्यावा लागतो. ही सूट मिळाली तरी प्रदर्शन नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरतेच ठेवावे लागते. म्हणजे पुण्यातल्या सभागृहात ओळखपत्र देऊन प्रमाणपत्र नसलेला माहितीपट दाखवता येईल. पण गावच्या मैदानावर, जिथे येईल तो बसणार आहे, तिथे तो दाखवता येणार नाही. त्यामुळे गावासाठीचे चित्रपट प्रमाणपत्र मिळालेल्यांतूनच निवडावेत, आणि प्रवेशिकेच्या अर्जातच प्रमाणपत्राची प्रत मागवावी. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या स्पर्धेत उतरण्यासाठी हे प्रमाणपत्र आवश्यक असते, म्हणून त्या स्पर्धेतून गेलेले लघुपट आणि माहितीपट शोधले तर गावच्या कार्यक्रमाची अडचण बरीच सुटते.

ग्रामीण कथापटांना प्रमाणपत्र नसण्याचे एक नेहमीचे कारण बैल हे असते. चित्रीकरणात जनावरांचा वापर असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि स्वतःच्या गोठ्यातला बैल घेऊन लघुपट करणाऱ्या तरुणाला हे आधी कोणी सांगितलेले नसते. अशा दिग्दर्शकाला नकार कळवताना कारणही कळवा. पुढच्या चित्रपटाच्या वेळी त्याचा त्याला उपयोग होईल.

प्रमाणपत्राचा हा प्रश्न किरकोळ समजू नये. 2004 च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्राची अट घातली गेली, तेव्हा माहितीपटकारांनी एकत्र येऊन ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला होता. आपली भूमिका काहीही असली तरी नियम ठाऊक असावेत, कारण आयत्या वेळी प्रदर्शन थांबले तर सर्वांत जास्त हानी दुरून आलेल्या दिग्दर्शकाची होते.

पडद्यामागचा

मी प्रक्षेपणाचे काम करतो. पुण्यात सुसज्ज प्रेक्षागृह घेतले तर तिथे डीसीपी या, चित्रपटगृहातल्या डिजिटल प्रक्षेपणासाठीच्या स्वरूपात चित्रपट मागतील, आणि नव्या दिग्दर्शकांकडे बहुधा साधी एमपी-फोर फाईल असते. डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत प्रणालीने ती रूपांतरित करता येते. मात्र सेकंदाला 25 चौकटींच्या वेगाने चित्रित केलेला चित्रपट 24 वर नेताना आवाज आणि चित्र जुळते आहे ना, हे पूर्ण लांबी पाहूनच तपासावे. प्रत्येक चित्रपटाची एक जादा प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि सर्व चित्रपटांच्या आवाजाची पातळी महोत्सवाच्या आदल्या दिवशी त्याच सभागृहात ऐकून लिहून ठेवावी.

गावातल्या पडद्याविषयी एक सोपा हिशेब सांगतो. चित्रपटगृहातल्या पडद्याची प्रमाण तेजस्विता 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजण्याचे एकक) धरतात, म्हणून साध्या पांढऱ्या पडद्याचे क्षेत्रफळ चौरस फुटांत काढून त्याला 14 ने गुणले की पूर्ण अंधारात प्रक्षेपण यंत्राचा प्रकाश किती ल्युमेन (यंत्रातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) लागेल ते कळते. 20 फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट उंच पडद्याचे 225 चौरस फूट होतात, म्हणजे 3150 ल्युमेन. भाड्याने देणारे लोक यंत्राचा जो आकडा सांगतात तो रंग बिघडवून मिळणाऱ्या कमाल प्रकाशाचा असतो, आणि मैदानावर रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेडही असतो; तेव्हा त्या पडद्यासाठी किमान 6000 ल्युमेनचे यंत्र मागा आणि ग्रामपंचायतीला विनंती करून जवळचे दिवे तेवढ्यापुरते बंद करून घ्या.

उपशीर्षकांचाही विचार करावा. तेलुगू किंवा कन्नड माहितीपटाला इंग्रजी उपशीर्षके असतात आणि गावातल्या निम्म्या प्रेक्षकांना त्यांचा उपयोग नसतो. मराठी उपशीर्षके करून घ्यावीत, आणि ती वेगळ्या फाईलमध्ये न ठेवता चित्रातच पक्की बसवावीत, कारण अनेक यंत्रांवर देवनागरी जोडाक्षरे फुटतात.

सासवडकर

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. प्रमाणपत्राचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नसता. आमच्यातल्या काहींचे म्हणणे असे आहे की गावचा कार्यक्रम पहिल्या वर्षी वगळावा आणि पुण्यातले दोन दिवस नीट पार पाडावेत. मला ते पटत नाही, पण गावात कार्यक्रम करण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या कोणाचे मत मिळाले तर ठरवणे सोपे जाईल.

जुन्नरवासी

दादा, गावचा कार्यक्रम वगळू नका. न्यूयॉर्कमध्ये ‘रुरल रूट’ नावाचा ग्रामीण जीवनावरचा महोत्सव आहे, आणि त्यांनीही आपले निवडक चित्रपट शहराबाहेर नेऊन दाखवले. गावातल्या लोकांविषयीचे चित्रपट फक्त शहरातल्या लोकांनी पाहावेत, यात मला काहीतरी मोठे अपुरेपण वाटते. पूर्वी आपल्याकडे जत्रांतून तंबूतला सिनेमा येत असे आणि माणसे बैलगाड्या जुंपून तो पाहायला जात; गावाला पडद्यासमोर एकत्र बसण्याची सवय नवीन नाही.

मात्र वेळ आणि जागा गावाच्या सोयीने ठरवा. शेतीपंपाची वीज आमच्याकडे अजून दिवसा आणि रात्री अशी आलटून-पालटून मिळते. रात्रीच्या विजेच्या आठवड्यात कार्यक्रम ठेवला, तर पुरुषमंडळी पाणी द्यायला निघून जातील. त्या आठवड्याचे वेळापत्रक वायरमनकडून आधी विचारून घ्यावे. फेब्रुवारीत पुरेसा अंधार पडायला सात वाजतात आणि ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणजे हातात तीन तास आहेत. त्यांत सत्कार, नारळ आणि पाहुण्यांची भाषणे घातली तर चित्रपटाला दीड तास उरेल. सरपंच आणि ज्येष्ठांचा मान जरूर राखावा, पण तो संध्याकाळी सहाच्या चहाच्या वेळी राखावा.

बायकांच्या दृष्टीने पाहिले तर दूध काढणे आणि स्वयंपाक उरकून त्या साडेसातच्या आत येऊ शकत नाहीत. म्हणून सात वाजता मुलांसाठीचे दोन लघुपट लावावेत आणि मुख्य माहितीपट नंतर ठेवावा. त्यांच्यासाठी पडद्यासमोरची मधली जागा राखून ठेवा. नाहीतर त्या मागे भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि अर्ध्यातून घरी जातात. आमच्या जुन्नर तालुक्यात तर बिबट्यामुळे वस्तीवरची माणसे अंधारात पायी परतायला धजावत नाहीत. तुमच्या गावातही वस्त्या लांब असतील तर परतीसाठी दोन-तीन गाड्यांची सोय आधीच ठरवावी. चित्रपट संपल्यावरची चर्चाही तिथे फार वेगळी होते. पुण्यात लोक दिग्दर्शकाला कॅमेऱ्याविषयी विचारतात. गावात विचारतात, की त्या बाईला पुढे जमीन मिळाली का. उत्तर देऊ शकेल असा दिग्दर्शक, किंवा चित्रपटातली व्यक्तीच, त्या रात्री गावात असली पाहिजे.

चित्रमंडळ कार्यकर्ता

पैशाविषयी राहिले होते, ते लिहितो. फेब्रुवारीपर्यंत नवी संस्था नोंदवण्याच्या मागे लागू नका; आधीच नोंदणीकृत असलेल्या एखाद्या विश्वासू संस्थेला सहआयोजक करा, म्हणजे सभागृहाचे आरक्षण, मंत्रालयाचा अर्ज आणि देणगीदारांना पावती, ही तिन्ही कामे तिच्या नावाने होतील. मोठा प्रायोजक शोधण्याआधी लोकवर्गणीचा विचार गंभीरपणे करावा. गोरखपूरमध्ये 2006 पासून ‘प्रतिरोध का सिनेमा’ या नावाने भरत आलेला महोत्सव कंपन्यांचे आणि सरकारचे प्रायोजकत्व न घेता लोकांच्या वर्गणीवर उभा राहिला. 1976 च्या ‘मंथन’ या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहेच. तुमच्या गावातून घरटी थोडी रक्कम आली, तर महोत्सवावर गावाचा हक्क राहील; आणि धरण किंवा जमीन यांवरचा चित्रपट काढून टाका असे सांगणारा कोणी पैसेवाला तुमच्या डोक्यावर बसणार नाही.

खर्चाच्या यादीत दिग्दर्शकांचे मानधन पहिल्या ओळीत लिहा. छोट्या महोत्सवांत सभागृहवाला, मंडपवाला, छपाईवाला या सगळ्यांना पैसे मिळतात आणि ज्याचा चित्रपट आहे त्याला मात्र स्मृतिचिन्ह दिले जाते, ही रीत मला अन्यायाची वाटते. रक्कम लहान असली तरी ती सर्वांना सारखी द्यावी, प्रवासखर्च वेगळा द्यावा, आणि हे निमंत्रणपत्रातच लिहावे. चित्रपटाची प्रत महोत्सवानंतर तुमच्याकडे राहणार की पुसली जाणार, हेही त्याच पत्रात स्पष्ट असावे. कारण दिग्दर्शकाला न विचारता चित्रपट कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरू लागला, तर तो पुढच्या वर्षी तुम्हांला चित्रपट देणार नाही. महोत्सव संपल्यावर आठवड्याच्या आत जमाखर्च छापून वर्गणीदारांना पाठवा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.