नुसतं तिरकं केलं म्हणजे इटॅलिक नव्हे

'गोल टोकांचा सॅन्स-सेरिफ फाँट (अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा नसलेला) सॉफ्टवेअरमध्ये तिरका केला की इटॅलिक (मुद्दाम तिरकी रेखलेली अक्षरं) तयार' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. अक्षर १२ अंशांनी ढकललं की टोकाचं अर्धवर्तुळ वेडंवाकडं लंबगोल होतं, आणि इंग्रजी 'ओ'ची रेघ एका कर्णावर जाड, दुसऱ्यावर बारीक दिसते. सपाट टोकांत हे थोडंफार खपतं, गोल टोकांत लगेच डोळ्यांत खुपतं. वळणं हातानंच दुरुस्त करावी लागतात.

लोगो, वेष्टनं, मोठे मथळे इथे गोल टोकांचा फाँट खुलतो. (१९७९चा व्हीएजी राउंडेड हा असाच फाँट मुळात फोक्सवॅगनसाठीच घडवला होता.) सलग मजकुराला मात्र मी वापरणार नाही, बारीक आकारात गोलाई दिसतच नाही, अक्षरं नुसती पुसट वाटतात.