मदत हवी आहे: घरचं आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं कसं करावं?

आगरवासी

नमस्कार मंडळी,

आमचं घर गुहागर तालुक्यात आहे, जांभ्याच्या चिऱ्यांचं. मागे नारळ-पोफळीचं आगर आणि आगराच्या पलीकडे तीन खोल्या. त्या मी आणि सासूबाई पर्यटकांना राहायला देतो. घरापासून खोल्या साधारण पस्तीस मीटरवर आहेत. फायबरचं कनेक्शन ओटीवर येतं. तिथे कंपनीने दिलेला वायफायचा डबा आहे, ओएनटी म्हणतात तो, मागे चार लॅन पोर्ट असलेला. घरचा टीव्ही, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवतो तो डबा), आमचे सगळ्यांचे फोन आणि पाहुण्यांचेही फोन, सगळं त्याच एका डब्यावर चालतं.

खोल्यांमध्ये रेंज पोचत नाही ही एक अडचण आहेच. पाहुणे अंगणात येऊन बसतात तेव्हा कुठे नेट मिळतं. पण दुसरी अडचण मला जास्त छळते. मे महिन्यात पाहुण्यांबरोबर आलेल्या एका मुलाने अंगणात बसून फोनवर गाणं लावलं आणि ते आमच्या माजघरातल्या टीव्हीवर वाजायला लागलं. त्या मुलाच्या मनात काहीच वाईट नव्हतं. पण जो टीव्हीपर्यंत पोचतो तो डीव्हीआरपर्यंतही पोचू शकतो. त्या कॅमेऱ्यांत आमचं अंगण, मागचं दार, मुलं खेळतात ती जागा दिसते. येणारी माणसं चांगलीच असतात, पण त्यांच्या फोनमध्ये कुठलं अ‍ॅप काय करतंय हे त्यांना तरी कुठे ठाऊक असतं?

कनेक्शन देणाऱ्यांच्या माणसाला विचारलं तर "सगळ्यांना एकच पासवर्ड द्या, काही होत नाही" असं उत्तर आलं. मला ते पटलं नाही.

हाताशी एक नवा ड्युअल बँड राउटर आहे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींचा. त्यात डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) आहे, गेस्ट नेटवर्कचीही सोय आहे. शिवाय एक जुना राउटर आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. माझा बेत असा: घरापासून खोल्यांपर्यंत केबल टाकायची, नवा राउटर तिकडे अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (केबलने आलेलं नेट फक्त वायफायने पुढे देणारा) लावायचा आणि त्यातलं गेस्ट नेटवर्क चालू करून द्यायचं. हे बरोबर आहे का? सध्याचा पासवर्ड म्हणजे सासऱ्यांचा मोबाईल नंबर. तो बदलायचाच आहे. सेटिंग करायला मी घाबरत नाही, फक्त क्रम नीट सांगा.

खारवारा

रेंजचं आधी बघू. दीड फुटी जांभ्याच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळपास जातच नाही. २.४ थोडं पुढे जातं, पण दोन भिंती आणि मधलं आगर ओलांडून वापरण्यासारखं राहत नाही. जांभा सच्छिद्र, पावसात पाणी धरून ठेवतो आणि ओली भिंत सिग्नल आणखी खाते. म्हणून रिपीटरच्या नादी लागू नका. रिपीटरला जेवढं मिळतं तेवढंच तो पुढे देणार, तेही निम्मं करून. केबल टाकण्याचा तुमचा विचार योग्य आहे. खोल्यांकडे २.४ चा चॅनेल १, ६ किंवा ११ यांतला एक ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. घरचा दुसऱ्या चॅनेलवर. हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत.

तारमास्तर

आगरवासी ताई, केबल ठीक, पण गेस्ट नेटवर्कचा बेत जसा लिहिलाय तसा करू नका. घरगुती राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला की तो फक्त पूल उरतो. आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा क्रमांक) वाटणं, कोणाला कुठे जाऊ द्यायचं हे ठरवणं, सगळं तेव्हा ओएनटी करतो. त्यामुळे बऱ्याच मॉडेलमध्ये गेस्ट नेटवर्क अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर एकतर दिसतच नाही, किंवा दिसतं, वेगळं नाव घेतं आणि पाहुण्याला थेट तुमच्या डीव्हीआरच्या शेजारी नेऊन बसवतं. नाव वेगळं, नेटवर्क तेच. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ते खरोखर वेगळं राहतं, पण तपासल्याशिवाय त्यावर विसंबायचं नाही.

मग दुसरा विचार मनात येतो तो असा: अ‍ॅक्सेस पॉइंट मोड नको, खोल्यांकडचा राउटर पूर्ण राउटर म्हणून लावू, म्हणजे पाहुण्यांचं नेटवर्क आपोआप वेगळं. पुष्कळ जण असंच करतात आणि नेमकं उलटं होतं. आतल्या राउटरमागचं यंत्र बाहेरच्या नेटवर्कमधल्या यंत्रांपर्यंत आरामात पोचतं. बाहेरच्याला मात्र आत शिरता येत नाही. तुमच्याच घराची रचना डोळ्यांपुढे आणा. माजघरातून बाहेर जाणारा ओटीवरूनच जातो, ओटीवरचं सगळं त्याला दिसतं. ओटीवर बसलेल्याला माजघराचं दार बंद असतं. पाहुण्यांना माजघरात आणि घरच्यांना ओटीवर ठेवून कसं चालेल?

म्हणून मांडणी अशी करा. ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद. त्याच्या एका लॅन पोर्टातून केबल निघून नव्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत येतं तो). नवा राउटर घरातच राहील, राउटर मोडवर. टीव्ही, डीव्हीआर, घरचे फोन, सगळं त्याच्यावर. ओएनटीच्या दुसऱ्या लॅन पोर्टातून केबल खोल्यांकडे, तिथे जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून. म्हणजे पाहुणे ओएनटीच्या नेटवर्कवर आणि तुम्ही त्याच्या आत, दाराआड.

दोन्हीकडचे पत्ते वेगळे हवेत. ओएनटी १९२.१६८.१.१ वर असेल तर नव्या राउटरची लॅन बाजू १९२.१६८.५०.१ करा. दोन्ही सारखेच राहिले तर नेट चालेल-बंद पडेल आणि कारण सापडणार नाही. जुन्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ ठेवा (ओएनटी जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा) आणि खोल्यांकडची केबल त्याच्या वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टात लावा.

आणखी एक. डीव्हीआर सध्या ओएनटीला थेट जोडलेला आहे. तो हलवायला विसरलात तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

आगरवासी

तारमास्तर, ओटी-माजघराचं वाचल्यावर चित्र लगेच स्पष्ट झालं. फार आभार.

एक शंका. राउटरच्या मागे राउटर आला की फोनवर कॅमेरे दिसणं बंद होईल का? नवरा कामाला चिपळूणला असतो, तो तिथून बघतो.

तारमास्तर

कंपनीच्या अ‍ॅपमधून, क्यूआर कोड स्कॅन करून बघत असतील तर फरक पडणार नाही. त्यात डीव्हीआर स्वतः बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करतो. आतून बाहेर जायला दोन राउटर आड येत नाहीत. पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट उघडून, बघत असतील तर मात्र बंद पडेल, आणि पडू द्या. डीव्हीआर उघड्यावर ठेवू नये. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. तुमच्या डीव्हीआरचा अ‍ॅडमिन पासवर्ड आजच बघा. नव्या राउटरमध्ये यूपीएनपी (यंत्रांना स्वतःहून अशी वाट उघडू देणारी सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट (राउटरची सेटिंग बाहेरून बदलण्याची सोय) हेही बंद करा. पाहुण्यांचं नेटवर्क आता त्या राउटरच्या वॅन बाजूला असणार, म्हणून हे तुमच्याकडे दुप्पट महत्त्वाचं.

शून्यएक

पासवर्डाबद्दल लिहितो, कारण मोबाईल नंबर ठेवणारी घरं मला रोज दिसतात.

डब्ल्यूपीए२ या आधीच्या पद्धतीत फोन राउटरला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते ती बाहेर उभा असलेला माणूस नोंदवून घेऊ शकतो. मग घरी जाऊन संगणकावर सावकाश एकेक पासवर्ड ताडून बघायचा. तुमच्या राउटरला कळतही नाही. भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं, पण चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचं काम आहे. त्यातून होमस्टेच्या पाटीवर नंबर लिहिलेला असेल तर तेवढेही कष्ट नकोत.

डब्ल्यूपीए३ मध्ये ही घरी नेऊन ताडण्याची सोय काढून टाकली आहे, प्रत्येक प्रयत्न राउटरला विचारूनच करावा लागतो. घरचे सगळे फोन नवे असतील तर नव्या राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ठेवा. टीव्ही किंवा एखादा जुना फोन जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र. जुन्या राउटरवर डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा. दोन्ही डेटा कुलूपबंद करायच्या पद्धती, पण जुनी टीकेआयपी नको, ती कमकुवत तर आहेच, शिवाय वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहा. गावाचं, देवाचं, मुलांचं नाव त्यात नको. सासूबाईंनाही लक्षात राहील आणि कोणाला ताडता येणार नाही.

डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) तिन्ही डब्यांत बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. २०११ पासून हे जगजाहीर आहे, तरी बऱ्याच डब्यांत ते चालूच येतं.

वायफायचं नाव लपवणं आणि मॅक पत्त्यांची (प्रत्येक यंत्राचा वायफायवरचा ओळखक्रमांक) यादी करणं यांत वेळ घालवू नका. मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो आणि आताचे फोन तो स्वतःहून बदलतात. तुम्हीच वैतागाल.

खारवारा

शून्यएकशी सहमत. तारमास्तरांच्या एका मुद्द्याशी मात्र नाही. जुन्या राउटरला कंपनीकडून अपडेट येणं थांबलं असेल तर तो पाहुण्यांनाही देऊ नये. अनोळखी फोन त्यालाच जोडले जाणार आहेत.

तारमास्तर

मुद्दा रास्त आहे. हंगामाच्या कमाईतून साधा नवा अ‍ॅक्सेस पॉइंट घेतला तर उत्तम, क्लायंट आयसोलेशनची सोय बघून घ्या, म्हणजे एका खोलीतल्या पाहुण्याचा फोन दुसऱ्या खोलीतल्याला दिसणार नाही. तोवर जुना चालेल. तो फक्त पूल म्हणून काम करेल, घरचं काही त्याच्या पलीकडे नसेल. पण त्याचा आणि ओएनटीचा अ‍ॅडमिन पासवर्ड पाहुण्यांच्या वायफायहून वेगळा आणि भक्कम हवा. दोन्हींची पानं पाहुण्यांच्या फोनवर उघडतात.

केबलचं राहिलं. पस्तीस मीटर म्हणजे लांबीची चिंता नाही, तांब्याची इथरनेट १०० मीटर जाते. चिंता विजेची आहे. मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये कोकणात विजा कशा होतात ते मी सांगायला नको. दोन वेगळ्या इमारतींत तांब्याची तार ओढली की जवळ वीज पडल्यावर दोन्हीकडचे डबे जातात. त्यापेक्षा मध्ये फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारा डबा) लावा. जोड मारायचं यंत्र तुमच्या केबलवाल्यांकडे असतंच. ड्रॉप केबलला (खांबावरून घरात आणतात ती फायबर) आधाराची पोलादी तार असेल तर ती बाहेर खांबावरच बांधून तोडायची, भिंतीच्या आत आणायची नाही. तांबंच टाकायचं ठरलं तर बाहेर वापरायची, शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल खूप आहे, खाऱ्या हवेत ती टिकत नाही.

पडवीतून

होमस्टे चालवणाऱ्या सगळ्यांसाठी एक सांगावंसं वाटतं. तुमच्या वायफायवरून कोणी काहीही केलं तरी बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसतो, तुमच्या कनेक्शनचा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या असुरक्षित वायफायवरून गेला होता. त्या घरातल्या माणसाचा कटाशी संबंध नव्हता, पण तपास आधी त्याच्याच दारात आला. पुढच्या वर्षी दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचनाही काढल्या. तेव्हा ताई, पाहुण्यांचा पासवर्ड कायमचा एकच ठेवू नका. ओळखपत्राची नोंद तुम्ही वहीत करताच, त्याच वेळी पासवर्डाचं कार्ड द्या आणि पाहुणे गेले की तो बदला. फोनमधून क्यूआर काढता येतो, दर वेळी सांगत बसावं लागत नाही.

आगरवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत असा पक्का केलाय: घरात नवा राउटर, डीव्हीआर आणि टीव्ही त्याच्यावर, खोल्यांकडे फायबर. जुन्या राउटरचं शेवटचं अपडेट बघितलं, फार जुनं आहे, म्हणून दिवाळीच्या गर्दीआधी नवा अ‍ॅक्सेस पॉइंट घेईन. सासऱ्यांना मोबाईल नंबरचं गणित वाचून दाखवलं, पासवर्डाचे पाच शब्द त्यांनीच निवडले.

सगळं जोडून झाल्यावर खरंच वेगळं झालंय की नाही हे कसं तपासू?

तारमास्तर

पाहुण्यांच्या वायफायला फोन जोडा, मोबाईल डेटा बंद करा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.५०.१ टाका, मग डीव्हीआरचा पत्ता टाका. दोन्ही उघडता कामा नयेत. नव्या राउटरच्या स्टेटस पानावर त्याचा वॅन पत्ता दिसेल, १९२.१६८.१ ने सुरू होणारा. तोही टाकून बघा, लॉगिनचं पान आलं तर रिमोट मॅनेजमेंट चालू राहिलंय. शेवटी कुठल्याही व्हिडिओ अ‍ॅपमध्ये टीव्हीवर पाठवायचं चिन्ह दाबा, यादीत तुमचा टीव्ही नसायला हवा. यातलं काही उघडलं तर कुठली केबल कुठल्या पोर्टात आहे त्याचा फोटो इथे टाका, बघू.