तरुण वयात अटॅक आणि कारण भलतंच : तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मी करतो. मित्र, वय ३४, साताऱ्यातच राहतो, ना तंबाखू ना शुगर, रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारा गडी आणि त्यालाच अटॅक. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, निघालं २६०. डॉक्टरांनी आधी त्याची टाच बघितली, मागच्या जाड शिरेवर टणक गाठ होती, हा आपला इतकी वर्षं बूट चावतोय म्हणून बूटच बदलत बसलेला. ती कोलेस्टेरॉलची गाठ. आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, आईबापापैकी एकाकडून येतो, मुलात उतरायची शक्यता निम्मी. वडील ४१ व्या वर्षी "झोपेतच गेले" एवढंच घरात सांगायचे. आता पोरीचं रक्त तपासलं, ती सहा वर्षांची, तिचंही वाढलेलंय.

द्राक्षवाला, तासगाव : माझं ऐका. बागेत गांधीलमाश्या चावल्या, तीनच. घरचे म्हणाले चुना लाव. दहा मिनिटात अंगभर गांधी उठल्या न छातीत अशी कळ की बांधावरच बसलो. वय २९. ईसीजी खराब, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, पण अँजिओग्राफीत ब्लॉकेज शून्य! ॲलर्जीनं अंगात जे रसायन सुटतं त्यानं हृदयाची नसच आवळली म्हणे. कौनिस सिंड्रोम, १९९१ ला त्या कौनिस डॉक्टरनं मांडलेला. पोहोचायला उशीर झाला असता तर गावानं हार्टफेल म्हणून विषय मिटवला असता.

कराडची : डिलिव्हरी होऊन बारा दिवस झालेले. छाती भरून आली, डावा हात जड, जबडा दुखायला लागला. सासूबाई म्हणाल्या वारं बाधलं, शेगडी वाढवा. पहिल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं (बाळंतिणीला कुठला अटॅक!), रात्री परत तेच, मग दुसरीकडे नेलं तेव्हा कळलं की हृदयाची नस आतल्या बाजूनं फाटलीय. स्कॅड म्हणतात त्याला, बायकांनाच जास्त होतो. स्टेंट टाकला नाही, अशी नस बऱ्याचदा आपली आपणच भरते, माझीही भरली. पण दुसरं मूल नको म्हणून सांगितलंय, त्याचं वाईट वाटतं कधीकधी.

मिरजकर : आमच्या जिममधला एक, २६ वर्षांचा. बॉडीसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं. वाचला, पण पंपिंग कमी झालंय.

कराडची : टाचेचं वाचून आत्ता नवऱ्याला मोजे काढायला लावले. गाठ नाही. पण त्यांचे आजोबा ४४ ला गेलेत, तेही "झोपेतच". उद्या लॅबला पाठवते.