खात्यातला गैरव्यवहार कळवायचाय, नाव फुटू नये म्हणून काय करावं?

मोजपट्टी: केंद्रीय खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. एमबीत (कामाच्या मोजमापाच्या वहीत) न झालेल्या कामाची मापं चढवून बिलं निघतात. २०१४ च्या व्हिसलब्लोअर (गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या) कायद्याखाली तक्रार केली तर संरक्षण मिळेल का?

जावक_बारनिशी: तो कायदा सध्या धरूच नका. ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, पण लागू करायची अधिसूचनाच निघालेली नाही. चालतो तो २१ एप्रिल २००४ चा पीआयडीपीआय ठराव, म्हणजे गैरव्यवहार कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणारा केंद्र सरकारचा ठराव. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांच्या खुनानंतर तो आला.

तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांना, सतर्कता भवन, नवी दिल्ली या पत्त्यावर पोस्टाने पाठवा. पाकीट चिकटवून त्यावर ‘पीआयडीपीआय’ लिहा. तुमचं नाव-पत्ता पाकिटावर नको, आतल्या पत्रात मात्र हवाच. निनावी तक्रार घेत नाहीत. पुढे आयोगाचं पत्र येतं: तक्रार तुमचीच आहे ना, आणि हीच तक्रार दुसरीकडे केलेली नाही ना? ते उत्तर वेळेत गेलं नाही तर प्रकरण तिथेच अडकतं.

टाचणी: नाव बहुधा मजकुरातूनच फुटतं. ‘मी साहेबांना तोंडी सांगितलं होतं’ हे एक वाक्य पुरतं. फक्त तुमच्याच टेबलावर असलेल्या कागदाची झेरॉक्स जोडलीत तर आयोग तरी काय झाकणार? त्याऐवजी कार्यादेश क्रमांक, बिलाची तारीख, एमबी क्रमांक आणि पान, जागेवर प्रत्यक्ष किती काम आहे ते द्या. मूळ कागद तपासणारे मागवतील. आणि मंत्र्यांना, पंतप्रधान कार्यालयाला प्रती धाडू नका. ओळख गुप्त ठेवण्याचा आधार तिथेच जातो.

मोजपट्टी: तरीही बदली झालीच तर?

जावक_बारनिशी: आयोगाकडे त्रासाचा वेगळा अर्ज करा, मूळ तक्रारीत बदलीचं रडगाणं नको. तक्रार आणि बदली यांचा संबंध तारखांतून दिसला पाहिजे. आदेशालाच आव्हान द्यायचं तर कॅट (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण), साधारण एका वर्षाच्या आत. अर्थात न्यायाधिकरणात गेलात की नाव उघड होतं.

टाचणी: राज्य कर्मचारी हे वाचत असतील तर: आरोप कोणावर आहे ते बघा. राज्याच्या अधिकाऱ्यावर असेल तर हा ठराव कामाचा नाही. लाच मागितली असेल तर एसीबीचा (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा) फोन क्रमांक १०६४. मुदतपूर्व बदलीसाठी २००५ चा बदली कायदा आहे, त्यात कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती नसतील तर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) मुद्दा मिळतो. जिल्हा परिषदवाल्यांना मात्र मॅट नाही.