शब्दचर्चा: नाकतोडा, टोळ आणि रातकिडा

कीटकांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात ‘नाकतोड्याचा टोळ होतो’ अशा अर्थाचं वाक्य आलं आणि तिथेच अडले. आजवर मी हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरत आले. हे दोन वेगळे कीटक आहेत की एकाचीच दोन नावं? आणि रातकिड्याला क्रियापद कोणतं, ओरडणं की किरकिरणं?

—

वाक्य बरोबर आहे. टोळ ही नाकतोड्याची अवस्था आहे, आणि तीही सगळ्यांची नाही. हजारो जातींपैकी जेमतेम विसेक जातींना ती साधते. १९२१ साली कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी दाखवून दिलं की वेगळ्या जाती म्हणून नोंदलेले दोन कीटक खरं तर एकच आहेत, एक एकटा राहणारा आणि एक झुंडीत राहणारा. वाळवंटी टोळात हा बदल गर्दीने होतो. मागच्या पायांना इतरांचा सतत स्पर्श झाला की शरीरात सेरोटोनिन हे मज्जासंस्थेतलं रसायन वाढतं आणि दोनेक तासांत एकलकोंडा कीटक इतरांकडे ओढला जातो. हे संशोधन २००९ चं. रंग मात्र सावकाश बदलतो.

म्हणून माझा आग्रह: शास्त्रीय लेखात एकट्याला नाकतोडा म्हणा, झुंडीतल्याला टोळ.

—

आग्रह पटला, पण बोलीत एकट्या किड्यालाही सर्रास टोळ म्हणतात. तो वापर चुकीचा ठरवू नये. संस्कृतातला ‘शलभ’ तर टोळ आणि पतंग दोघांनाही चालतो. अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर, पोपट यांच्या जोडीने सहा ईतींमध्ये, म्हणजे पिकांवरच्या संकटांमध्ये, शलभ येतात तेव्हा अर्थ टोळधाडच असतो, संदर्भानेच कळतो.

‘टोळधाड’मधल्या ‘धाड’बद्दलही थोडं. या शब्दाने ठरवून केलेला हल्ला डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात पंख न फुटलेल्या पिल्लांच्या झुंडीत मागचा पुढच्याला चावतो, खातोही. पोटाकडची संवेदना नेणारी नस कापलेली पिल्लं कमी चालली आणि जास्त खाल्ली गेली, असं २००८ च्या प्रयोगात दिसलं. म्हणजे धाडीतला प्रत्येक जण काही अंशी मागच्याच्या भुकेपासून पळत असतो. मला हे वाचून फार हळहळ वाटली. शब्द बदलायला नको, तो शेतकऱ्याच्या बाजूने घडलाय आणि तिथे तो खराच आहे.

—

क्रियापदाचं: ‘ओरडणं’ नको. रातकिड्याला ना गळा ना फुप्फुसं. एका पुढच्या पंखाची दातेरी शीर दुसऱ्याच्या कडेवर घासून तो आवाज काढतो. किरकिरणं उत्तम, त्यात घासण्याचा नाद आहे. संस्कृत ‘झिल्ली’ स्त्रीलिंगी, पण आवाज काढतात ते बहुतेक नरच.

झाडावरच्या रातकिड्यांची एक जात पानाला भोक पाडून त्यात बसते, पानाचा पडदा होऊन आवाज मोठा होतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की ही युक्ती मुख्यतः लहान चणीचे, बारीक आवाजाचे नर करतात. इथे मी बिनदिक्कत ‘साद घालतो’ लिहीन.

पण एक अडचण आहे. हवाईतल्या काउआई बेटावर आवाजाच्या रोखाने येऊन रातकिड्यावर अळ्या सोडणारी एक माशी आहे. तिच्यामुळे विसेक पिढ्यांतच तिथले बहुसंख्य नर मुके झाले, पंखांवरची ती शीरच गेली. तरीही ते पंख घासत राहतात. त्यांना ‘किरकिरतात’ कसं म्हणणार? तिथे ‘पंख घासतात’ एवढंच लिहावं.

—

आभार. माझं वाक्य आता असं: ‘गर्दी वाढली की काही जातींचे नाकतोडे टोळ होतात.’

एक शब्द अजून हवाय. लांबलचक मिशांचा, पानासारख्या पंखांचा तो हिरवा कीटक, रातकिड्याचा जवळचा नातलग, ज्याचे कान पुढच्या पायांत असतात. त्याला नाकतोडा म्हटलं तर वरचा सगळा फरक पुसला जातो. ‘पानकिडा’ म्हणावं का?

—

‘पानकिडा’ने पान कुरतडणारी कुठलीही अळी आठवेल. तूर्त ‘लांबमिश्या रातकिडा’ लिहा, नातं तरी बरोबर कळेल.