अवयवदानाचा फॉर्म आणि देशपांडे काकांची अट

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये अवयवदानाचे फॉर्म भरून घेणार आहोत. डी विंगमधली आपली सानिका प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करते, ती माहिती देईल. नुसतं ऐकायला आलात तरी चालेल. सक्ती नाही. 🙏

पाटील (ए-२०३): 👍

देशपांडे काका: उपक्रम स्तुत्य आहे. मी आणि सौ. येणार. एकच शंका आहे. माझं यकृत दारुड्याला देऊ नये, अशी अट फॉर्मवर लिहिता येते का?

रोहन: काका 😄

देशपांडे काका: हसू नकोस रे. गंभीरपणे विचारतोय. मी आयुष्यात थेंबाला शिवलो नाही. ज्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं यकृत जाळलं त्याला माझं कशाला? रांगेत लहान मुलं असतात, काही दोष नसताना काविळीने यकृत गेलेली माणसं असतात. त्यांना द्या की.

गोखले मावशी: माझ्या मनातलं बोललात.

रोहन: हसलो खरा, पण मुद्दा पटतो मला. जॉर्ज बेस्ट आठवा. फुटबॉलचा एवढा मोठा खेळाडू. २००२ मध्ये लंडनला यकृत बदललं, पुढच्याच वर्षी पुन्हा प्यायला लागला, २००५ ला गेला. तेच यकृत दुसऱ्या कुणाला मिळालं असतं तर?

सानिका: काका, अट घालता येत नाही. मरणोत्तर दिलेला अवयव कुणाला जाणार हे दाता किंवा त्याचे नातेवाईक ठरवत नाहीत. १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डला एका मृताच्या घरच्यांनी अवयव दिले, पण गोऱ्या माणसालाच द्यायचे अशी अट घातली. तेव्हा ती मानली गेली आणि नंतर बराच गदारोळ झाला. सरकारने समिती नेमली. २००० साली समितीने सांगितलं, अटी घातलेलं दान यापुढे स्वीकारूच नये.

देशपांडे काका: गोऱ्या-काळ्याचा प्रश्न वेगळा. रंग जन्माने येतो. दारू माणूस स्वतः उचलून तोंडाला लावतो.

सानिका: तो फरक आहे, मी नाकारत नाही. आणि तुम्ही एकटे नाही. १९९८ मध्येच ब्रिटनमध्ये एक पाहणी झाली होती. सामान्य लोक, फॅमिली डॉक्टर आणि पोटविकारतज्ज्ञ, तिघांनाही आठ काल्पनिक रुग्ण दिले आणि सांगितलं की यकृतं चारच आहेत, कुणाला देणार? दारूमुळे आजारी पडलेला माणूस आणि समाजविघातक वागणारा माणूस, या दोघांना तिन्ही गटांनी मागे सारलं. डॉक्टरांनीसुद्धा.

गोखले मावशी: बघा! डॉक्टरही तेच म्हणतात.

सानिका: मावशी, डॉक्टरही माणसंच की. राग त्यांनाही येतो. म्हणून तर यादी रागावर चालत नाही, रक्ताच्या तपासण्यांवर चालते. २००२ मध्ये अमेरिकेने मेल्ड नावाचा गुणांक वापरायला घेतला, नंतर बऱ्याच ठिकाणी तो आला. बिलिरुबिन (कावीळ किती), क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो), पुढे सोडियमही धरायला लागले. ६ पासून ४० पर्यंत आकडा येतो. आकडा जितका मोठा तितका माणूस मरणाच्या जवळ, म्हणून तो आधी. शिवाय रक्तगट जुळायला हवा, यकृताचा आकार बसायला हवा. माणूस चांगला का वाईट, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

रोहन: म्हणजे कालपर्यंत पिणारा उद्या यादीत पहिला?

सानिका: नाही रे. गाळणी यादीच्या आधी आहे, आणि दारूवाल्यांसाठी ती फार बारीक आहे. मानसोपचारतज्ज्ञ तपासतो, समाजसेवक घरच्यांशी वेगळं बसून बोलतो, व्यसनमुक्तीचे उपचार चालू आहेत का बघतात. पेथ नावाची रक्ततपासणी आहे. दोन ते चार आठवड्यांत बऱ्यापैकी दारू पोटात गेली असेल तर ती पकडते. "मी सोडली हो डॉक्टर" यावर कुणी विसंबत नाही.

पाटील (ए-२०३): एक विचारू का? मी दारू पीत नाही. पण शुगर आहे, पोट सगळ्यांना दिसतंच 😅 आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा नाहीतर याचाही सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होतं. उद्या माझं यकृत गेलं तर काका मला देतील का? मीही माझ्या हातानेच खाल्लंय.

देशपांडे काका: पाटील, तुमचं वेगळं आहे.

पाटील (ए-२०३): कसं काय काका?

देशपांडे काका: खाण्याने माणूस बायकोला मारत नाही.

पाटील (ए-२०३): मग राग मारण्याचा आहे, यकृताचा नाही.

सेक्रेटरी: चर्चा चांगली चालली आहे, फक्त वैयक्तिक होऊ देऊ नका.

कदम वहिनी: मारण्याचं निघालंच आहे तर मी बोलते. माझ्या धाकट्या दिराचं सांगते. तो जाऊबाईंना मारायचा. पगाराच्या दिवशी आम्ही दार लावून बसायचो. त्यामुळे त्याची बाजू घ्यायला मी आलेले नाही. पुढे यकृत गेलं. पोटात पाणी साठायचं, सुई घालून ते काढायचे. कधी कधी मुलांची नावं विसरायचा. डॉक्टर हात पुढे धरायला सांगायचे तेव्हा मनगटं आपोआप फडफडायची. ते लॅक्टुलोजचं गोड औषध द्यायचं आणि दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे, नाहीतर विष डोक्यात चढतं. किती वेळा झालं ते जाऊबाई वहीत लिहायच्या. ज्याने मारलं त्याचंच सगळं काढत होत्या.

त्यांनी स्वतःच्या यकृताचा भाग द्यायची तयारी दाखवली. रक्तगट जुळत होता. तर सांगितलं, आधी सहा महिने दारूशिवाय काढा, मग बोलू. दारू तर त्याने दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून घेतलीच नव्हती. सहा महिने काही निघाले नाहीत. मला एवढंच विचारायचंय, यकृत जाऊबाईंचं, द्यायला त्या तयार, मग रांगेतल्या कुणाच्या तोंडचं काय काढून घेत होतो आम्ही?

गोखले मावशी: अगं, कधी बोलली नाहीस.

रोहन: सॉरी वहिनी.

सानिका: वहिनी, तुमच्या जाऊबाईंच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मी न बघता बोलणार नाही. पण सहा महिन्यांबद्दल सांगते, कारण हा आकडा सगळीकडे ऐकू येतो. त्याला एक चांगलं कारण आहे. दारू बंद केली की काहींचं यकृत इतकं सावरतं की प्रत्यारोपणाची गरजच राहत नाही. ते कळायला वेळ द्यावा लागतो. दुसरं कारण असं सांगतात की सहा महिने राहिला म्हणजे पुढेही राहील. हे दुसरं कारण कच्चं आहे. तेवढ्यावरून पुढचं नीट सांगता येत नाही. आणि ज्याच्याकडे सहा महिने नाहीतच, त्याला ही अट म्हणजे सरळ नकार.

२०११ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी हे तपासून बघितलं. दारूमुळे यकृताला जबर सूज आलेले, औषधाला दाद न देणारे २६ रुग्ण घेतले आणि सहा महिने न थांबता प्रत्यारोपण केलं. सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत होते. तसेच आजारी, पण प्रत्यारोपण न झालेल्यांमध्ये २३ टक्के. पण हे २६ जण फार निवडून घेतलेले होते, हेही ध्यानात घ्या. यकृताच्या तक्रारीने पहिल्यांदाच दाखल झालेले, घरचे खंबीर पाठीशी, आणि टीममधल्या सगळ्यांचं एकमत झालं तरच. त्या अभ्यासानंतर बऱ्याच केंद्रांनी सहा महिन्यांचा हट्ट सैल केला. सगळ्यांनी नाही.

रोहन: आणि त्या २६ पैकी परत किती प्याले?

सानिका: तीन.

रोहन: म्हणजे बेस्टसारखे तीन.

सानिका: किंवा न पिणारे बाकीचे लॅरी हॅगमनसारखे, असंही म्हण. अमेरिकेतला टीव्ही नट, दारूनेच यकृत गेलेलं, १९९५ मध्ये बदललं आणि २०१२ पर्यंत जगला. एकेक नाव घेऊन काही सिद्ध होत नाही रोहन. बरेच अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये हिशोब मांडला होता. प्रत्यारोपणानंतर दरवर्षी शंभरातले साधारण पाच-सहा जण दारूला पुन्हा शिवतात, आणि भरपूर पिणारे दोन-तीन. बाकी जगण्याचं प्रमाण इतर कारणांनी यकृत बदललेल्यांइतकंच असतं. यकृत वाया जातं म्हणून देऊ नका, हा मुद्दा आकड्यांवर टिकत नाही. लायकी नाही म्हणून देऊ नका, हा टिकतो का ते ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर ते काम दवाखान्याचं नाही. पुढे काय होईल हे डॉक्टरांनी जरूर विचारावं, अगदी कडक विचारावं. मागच्या पापाचा निवाडा करायला त्यांना बसवू नये.

रोहन: हेल्मेट न घातलेल्यालाही दवाखान्यात घेतात, तसं?

सानिका: तसं म्हणता येईल, पण तिथे दोघांना दोन खाटा मिळतात. इथे यकृत एकच असतं. म्हणून काकांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही.

गोखले मावशी: माझं वेगळं म्हणणं आहे. समजा एखाद्या आईने तरुण मुलगा गेल्यावर छातीवर दगड ठेवून यकृत दिलं, आणि ते घेणारा परत प्यायला बसला. त्या माउलीला काय वाटेल?

सानिका: तुटेलच ती, मावशी. तिचा राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. कुणाचं यकृत कुणाला गेलं हे गुप्त ठेवतात, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही आहे.

आणि वहिनी, तुमच्या प्रश्नाचं अर्धं राहिलं. घरचा दाता असेल तर रांगेतल्या कुणाचं काही जात नाही, हे खरं. पण तिथे धडधाकट माणसाचं पोट उघडून यकृताचा कधी कधी अर्ध्याहून जास्त भाग काढावा लागतो. यकृत काही महिन्यांत बरंचसं वाढून येतं, तरी दाता दगावण्याचा धोका थोडा का होईना असतो. त्यामुळे डॉक्टर तिथे दोन माणसांचा विचार करतात. बायको मनापासून देतेय की सासरच्या दबावाने, हेही एकटीला बसवून विचारतात.

कदम वहिनी: तिला कुणी दबाव टाकला नव्हता. उलट आम्ही सगळे नको म्हणत होतो. असो.

पाटील (ए-२०३): सानिका, सगळे पिणारे यकृत घालवतात का ग? आमच्या ऑफिसात एक जण तीस वर्षं पितोय, रिपोर्ट एकदम नॉर्मल.

सानिका: नाही. भरपूर पिणाऱ्यांतही सिरॉसिस साधारण दहा-वीस टक्क्यांनाच होतो. जनुकं, वजन, शुगर, बाई की पुरुष, यावर बरंच अवलंबून असतं. तेवढंच पिऊन बायकांचं यकृत लवकर बिघडतं.

देशपांडे काका: ठीक. सगळं वाचलं. तुझा अभ्यास दांडगा आहे सानिका, कौतुक आहे. पण मन मानत नाही. फॉर्मवर अवयवांपुढे वेगवेगळे रकाने असतात ना? डोळे, मूत्रपिंडं, त्वचा सगळं लिहितो. यकृताचा रकाना कोरा ठेवतो. एवढा तर अधिकार आहे मला?

सानिका: आहे. पूर्ण आहे.

रोहन: मग मीही तेच करतो.

सानिका: तू करू शकतोस. फक्त एक सांगते. तुझ्यासारख्या तरुण, निरोगी माणसाचं यकृत कधी कधी दोन भाग करून देतात. १९८८ मध्ये जर्मनीत पिखल्मायर नावाच्या सर्जननी पहिल्यांदा केलं. डावीकडचा छोटा भाग लहान मुलाला, उरलेला मोठ्या माणसाला. जन्मतः पित्तनलिका बंद असलेली बाळं असतात, त्यांच्या अंगात मोठ्यांचं अख्खं यकृत मावतच नाही. काका म्हणाले ना, लहान मुलांना द्या, ती मुलं हीच. तू रकाना कोरा ठेवलास की दारुड्याचं राहिलं आणि त्या बाळाचंही राहिलं.

रोहन: हे माहीत नव्हतं. आणि बाळाला मिळालं तर उरलेलं दारुड्याला जाऊ शकतं?

सानिका: जाऊ शकतं.

रोहन: हम्म. भरतो मग.

देशपांडे काका: माझ्या यकृताचेही दोन करतात का?

सानिका: बहुतेक नाही काका, त्यासाठी तरुण दाता बघतात. तुमचं अख्खं एकालाच जाईल. सत्तरीतल्या दात्यांची यकृतंसुद्धा चालतात, काही वावगं नसेल तर. कुणाला जाईल ते मी सांगू शकत नाही. पाटलांसारख्याला जाईल, कावीळवाल्याला जाईल, नाहीतर वहिनींच्या दिरासारख्या कुणाला.

देशपांडे काका: तेच तर. माझा रकाना कोराच.

देशपांडे काकू: आता मी लिहू का? सकाळपासून शेजारी बसून टाइप करताय, मला एकदाही विचारलं नाहीत. सानिका, फॉर्म भरला तरी त्या वेळी घरच्यांना विचारतातच ना ग?

सानिका: हो काकू, विचारतात. म्हणून तर आम्ही सांगतो, फॉर्म भरायच्या आधी घरात बोलून घ्या.

देशपांडे काकू: मग यांनी कोरा ठेवू दे नाहीतर भरू दे. तेव्हा बोलायला हे नसणार, मी असणार. मी सगळं देणार आणि कुणाला गेलं हे विचारणार नाही. रविवारी १० ला दोघं येतो.

देशपांडे काका: कोरा रकाना बघून तरी मागणार नाहीत.

देशपांडे काकू: त्यांनी न मागताही मी देईन.