एआयने लिहिलेल्या केसपेपरवर सही कुणाची?

ओपीडीवाली (धागाकर्ती)
मी जनरल प्रॅक्टिस करते. पेशंटशी चाललेलं बोलणं ऐकून केसपेपर लिहून देणारं एक एआय सॉफ्टवेअर चार महिने वापरलं आणि गेल्या आठवड्यात बंद केलं. गुडघेदुखीसाठी एक आजोबा आले होते. बोलता बोलता म्हणाले, "रक्त पातळ करायची गोळी मध्ये बंद केली होती, आता परत सुरू आहे." स्क्रीनवर उमटलं: रक्त पातळ करण्याचे औषध बंद. मी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी लिहिणारच होते. दोन्ही औषधं एकत्र गेली असती तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका होता. आजोबांचं वाक्य अजून कानात होतं, म्हणून हात थांबला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जे मला स्वतःला तपासता येत नाही, ते यंत्राकडून घ्यायचं नाही. नोंदी नाहीत, निदानाच्या सूचना नाहीत, डोस तर नाहीच. कागदावर रजिस्ट्रेशन नंबर माझा असतो. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

स्टेथो
अजिबात पटलं नाही. रात्री दवाखाना बंद करून आठवून आठवून नोंदी लिहितो, तेव्हा आपण किती चुका करतो याचा हिशेब कुणी ठेवलाय? त्या चुका दिसत नाहीत एवढंच. सॉफ्टवेअर आल्यापासून मी पेशंटच्या तोंडाकडे बघून बोलतो, कीबोर्डकडे नाही. वयस्कर पेशंट आता शेवटच्या मिनिटाला खरं दुखणं सांगत नाहीत, आधीच सांगतात. हा फायदा मी सोडणार नाही.

तुमची चूक टाळायला एक साधी सवय पुरे. पेशंट खुर्चीत असतानाच नोंद मोठ्याने वाचायची: "मी असं लिहिलंय, बरोबर ना?" आजोबांनीच दुरुस्ती केली असती.

काळाकोट
दोघेही फक्त बरोबर-चूक बघताय. वकील म्हणून माझा पहिला प्रश्न वेगळा आहे: ते रेकॉर्डिंग गेलं कुठे? किती दिवस राहतं? पुढचं मॉडेल शिकवायला वापरतात का? कंपनीशी याचा लेखी करार आहे का? युरोपच्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात आरोग्याची माहिती कलम 9 खाली विशेष संरक्षित गटात येते. फुकटच्या चॅटबॉटमध्ये केस पेस्ट करणारे डॉक्टर मला सांगतात, "नाव काढलं होतं." नाव काढल्याने माणूस अनोळखी होत नाही. अमेरिकेतल्या संशोधक लटान्या स्वीनी यांनी 2000 साली दाखवलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतली सुमारे 87 टक्के माणसं एकमेव ठरू शकतात. आता त्यात दुर्मिळ आजार मिळवा.

दुसरं म्हणजे सॉफ्टवेअर नुसतं लिहून घेतं की निदान सुचवतं? निदान किंवा उपचारासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर बऱ्याच देशांत वैद्यकीय उपकरण ठरतं आणि त्याला मान्यता लागते. फक्त टिपणासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरला तुम्ही डोस विचारलात, तर कंपनी हात वर करेल आणि तुम्ही एकटे उराल.

रेटिना
ओपीडीवाली, तुमचा नियम ऐकायला चोख वाटतो, पण पेशंटचं नुकसान करणारा आहे. मधुमेह्यांच्या डोळ्याचा पडदा तपासणारी आयडीएक्स-डीआर ही एआय प्रणाली घ्या. अमेरिकेतली औषधं आणि उपकरणांना मान्यता देणारी संस्था एफडीए हिने तिला एप्रिल 2018 मध्ये परवानगी दिली. तिचा निकाल डॉक्टरने पुन्हा वाचायचा नसतो. 10 प्राथमिक केंद्रांतल्या 900 पेशंटांवर चाचणी झाली आणि संवेदनशीलता, म्हणजे आजार असलेल्यांपैकी बरोबर ओळखलेल्यांचं प्रमाण, 87 टक्क्यांच्या आसपास आली. जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला पडद्याचा फोटो तपासता येत नाही, म्हणून तर ती बनवली! तुमच्या नियमाने हे मशीन दवाखान्याबाहेर राहील आणि दृष्टी जाईपर्यंत पेशंट डोळ्याच्या डॉक्टरकडे पोचणार नाही.

ओपीडीवाली
रेटिना, मुद्दा मान्य. माझं वाक्य फार ताणलेलं होतं. पण त्या मशीनच्या मागे काय आहे ते बघा: ठरलेलं एकच काम, ठरलेले पेशंट (22 वर्षं आणि त्यापुढचे, रेटिनोपॅथीचं, म्हणजे मधुमेहाने पडदा बिघडल्याचं, निदान आधी न झालेले), आणि प्रत्यक्ष प्राथमिक केंद्रांत झालेली चाचणी. मी तपासू शकत नसले तरी माझ्याआधी कुणीतरी तपासलंय, आणि मर्यादा कुठे हे लिहून दिलंय. सगळ्या विषयांवर बोलणाऱ्या चॅटबॉटला यातलं काय लागू होतं?

स्टेथो, वाचून सही करण्यावर तुमचा फार भरवसा आहे. 2023 मध्ये 27 रेडिऑलॉजिस्टना मॅमोग्राम (स्तनांचे एक्स-रे) दाखवून एक प्रयोग झाला. एआयची सूचना बरोबर असताना मुरलेल्या डॉक्टरांची अचूकता सुमारे 82 टक्के होती. सूचना मुद्दाम चुकीची दिली तेव्हा ती 45.5 टक्क्यांवर आली. नवख्यांची जवळपास 80 वरून 20 वर. हे सगळे वाचूनच मत देत होते.

बाबांची लेक
मी डॉक्टर नाही. स्ट्रोकनंतर बाबांना शब्द सापडत नाहीत, दोन शब्दांत मोठी शांतता असते. गेल्या भेटीत टेबलावर फोन ठेवलेला होता, तो ऐकतोय हे आम्हाला निघताना कळलं. ओपनएआयच्या व्हिस्पर या बोलणं ऐकून लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरवर 2024 मध्ये संशोधन झालंय. रेकॉर्डिंगच्या सुमारे एक टक्का तुकड्यांत कुणी न बोललेली वाक्यं आली होती. अफेजिया (मेंदूला इजा झाल्याने बोलण्यात येणारी अडचण) असलेल्यांच्या बोलण्यात हे प्रमाण जास्त होतं आणि लांब शांततेशी त्याचा संबंध दिसला. म्हणजे नेमके माझे बाबा. स्टेथो, तुम्ही नोंद वाचून दाखवाल, पण "नाही, असं नव्हे" म्हणायला त्यांना पाच मिनिटं लागतात. तेवढं थांबाल?

स्टेथो
ताई, खरं सांगतो, गर्दीत थांबलो नसतो. अशा पेशंटच्या वेळी रेकॉर्डिंग बंदच हवं. मॅमोग्रामच्या आकड्यांनीही मला हलवलं. तरी सॉफ्टवेअर सोडणार नाही. चालू औषधं, ॲलर्जी आणि माझं निदान मी स्क्रीन बघण्याआधी हाताने लिहीन, बाकीची हकिकत त्याला लिहू दे.

काळाकोट
आणि संमती? भिंतीवर पाटी लावली म्हणजे संमती झाली असं समजू नका. विचारा, "नाही" म्हणायची सोय ठेवा, आणि नाही म्हटल्यावर तपासणी तशीच होईल हेही सांगा. युरोपच्या एआय कायद्यात तर 2 फेब्रुवारी 2025 पासून एआय वापरणाऱ्या संस्थेने कर्मचाऱ्यांना त्याची पुरेशी समज देणं बंधनकारक झालं. रिसेप्शनवरच्या मुलीलाही ते सॉफ्टवेअर काय करतं हे सांगता आलं पाहिजे.

ओपीडीवाली
औषधं आणि ॲलर्जी हाताने, हे मला चालेल. तेवढ्यावर पुन्हा महिनाभर वापरून बघते, पण कंपनीने काळाकोटांच्या पहिल्या चार प्रश्नांची लेखी उत्तरं दिली तरच. ईमेल आजच पाठवलं.

बाबांची लेक, त्या डॉक्टरांकडून बाबांच्या नोंदीची प्रत मागून घ्या आणि त्यांच्याशेजारी बसून सावकाश वाचा. चुकीचं काही सापडलं तर लेखी दुरुस्ती मागा. पुढच्या डॉक्टरच्या हातात तोच कागद जाणार आहे.